तेरेझीनच्या छावणीतलं मांजर: एला श्टाइन-वाइसबर्गर आणि ‘ब्रुंडिबार’ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न वाचकांनी, शाळेतल्या शिक्षकांनी आणि बालनाट्य बसवणाऱ्या मंडळींनी वेळोवेळी पाठवलेले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी कळतील. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एला वाइसबर्गर म्हणजे नेमक्या कोण?

माहेरचं नाव एला श्टाइन. जन्म ३० जून १९३०, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातल्या लोम उ मोस्तु या गावी. अकराव्या वर्षी आई आणि थोरली बहीण इलोना यांच्याबरोबर तिला, ज्यू असल्यामुळे, तेरेझीनच्या नाझी छावणीत नेण्यात आलं. तिथल्या कैदी मुलांनी ‘ब्रुंडिबार’ हा बाल-ऑपेरा (मुलांनी गाऊन करायचं नाटक) केला, त्यात ती मांजर झाली होती. तिघी मायलेकी युद्धातून वाचल्या. पुढची अनेक वर्षं एलाबाईंनी जगभर फिरून मुलांना ही हकिकत सांगितली. ३० मार्च २०१८ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

२. ती तेरेझीनला कशी पोचली? एका रात्रीत उचलून नेलं का?

नाही. दार एकेक करून बंद होत गेलं. लोम हे गाव सुडेटनलँडमध्ये, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेलगतच्या जर्मनभाषक पट्ट्यात, येतं. म्युनिक करारानंतर १९३८च्या ऑक्टोबरात हा पट्टा जर्मनीने घेतला. त्याच वर्षी एलाच्या वडिलांना गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) धरून नेलं आणि ते परत आले नाहीत. नोव्हेंबरात ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली गेली, तेव्हा आई मुलींना घेऊन प्रागला आली. पण १५ मार्च १९३९ला जर्मन सैन्य प्रागमध्येही शिरलं. मग शाळा बंद, बागा बंद, आणि सप्टेंबर १९४१पासून कपड्यांवर पिवळा तारा सक्तीचा. फेब्रुवारी १९४२मध्ये तेरेझीनला रवानगी झाली. माणशी ५० किलो सामान न्यायची मुभा होती.

मुलांना हे सांगताना हा क्रम गाळू नका. आधी शाळा गेली, मग घर, आणि छावणी शेवटी. पहिली दोन पावलं त्यांना चटकन कळतात.

३. तेरेझीन ही छळछावणी होती, घेट्टो होता की आणखी काही?

घेट्टो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती) आणि पुढे पाठवण्याआधीचं ठाणं, असं दोन्ही. प्रागच्या उत्तरेला सुमारे ६० किलोमीटरवर अठराव्या शतकाच्या अखेरीला बांधलेलं हे किल्ल्याचं गाव. सम्राट दुसऱ्या योसेफने ते उभारलं आणि आपल्या आईचं, मारिया तेरेझाचं, नाव दिलं. जर्मन नाव थेरेसिएनश्टाट. युद्धाआधी इथे सैनिक धरून सातेक हजार लोक राहत. सप्टेंबर १९४२मध्ये त्याच जागेत ५८ हजारांहून जास्त कैदी कोंबले होते.

इथे गॅस चेंबर नव्हते. तरीही भूक, टायफस, आमांश आणि गर्दी यांनी सुमारे ३३ हजार माणसं मेली. सुमारे ८८ हजारांना पूर्वेकडे, मुख्यतः ऑशविट्झच्या मृत्युछावणीत, पाठवण्यात आलं. त्यामुळे कुणी ‘तेरेझीन त्यातल्या त्यात बरं होतं’ असं म्हटलं, तर हे दोन आकडे पुढे ठेवावेत. गावाच्या कडेला असलेला ‘लहान किल्ला’ मात्र वेगळा: तो गेस्टापोचा तुरुंग होता. पर्यटकांच्या लेखांत या दोन्हींची हमखास सरमिसळ होते.

४. मुली राहत कशा? शाळा होती का?

एला एल-४१० या इमारतीत, मुलींच्या वसतिगृहात, खोली क्रमांक २८मध्ये होती. तीन मजली लाकडी खाटा, एका वेळी तीसच्या आसपास मुली, वय साधारण १२ ते १४. अंथरुणापुरती जागा प्रत्येकीची, तीच तिचं घर. खोली सांभाळायला तेला पोलाक या संगीत शिकवणाऱ्या बाई होत्या.

शिकवायला बंदी होती. चित्र, गाणं आणि हस्तकला मात्र चालत असे. म्हणून गणित-इतिहासाचे धडे चोरून होत. एक मुलगी पहाऱ्यावर उभी राही, कुणी येताना दिसलं की वह्या लपत आणि गाणं सुरू होई. चित्रकला शिकवायच्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. ५० किलोच्या मुभेतला बराच भाग त्यांनी रंग आणि कागदांनी भरून आणला होता. तो संपल्यावर कचेरीतल्या वापरलेल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर मुली चित्रं काढत. प्रत्येक चित्रावर नाव घालायचं, हा त्यांचा कटाक्ष होता. तेरेझीनच्या मुलांची सुमारे ४,५०० चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा धनी ओळखता येतो, तो त्या कटाक्षामुळेच.

खोली २८मधून एकूण साठेक मुली गेल्या. वाचल्या पंधराच्या आसपास.

५. ‘ब्रुंडिबार’ची गोष्ट काय आहे?

पेपिचेक आणि अनिंका या भावंडांना वडील नाहीत, आई आजारी आहे. डॉक्टर सांगतात, दूध पाजा. पैसे नाहीत. बाजारात ब्रुंडिबार नावाचा माणूस हाताने फिरवायची बाजाची पेटी वाजवून पैसे मिळवताना दिसतो, म्हणून मुलंही गातात. पण त्यांचं कुणी ऐकत नाही आणि ब्रुंडिबार त्यांना हुसकावून लावतो. रात्री एक चिमणी, एक मांजर आणि एक कुत्रा मदतीला येतात. सकाळी आळीतली सगळी पोरं जमवून अंगाई म्हटली जाते, टोपीत पैसे पडतात, ब्रुंडिबार ते पळवतो, मुलं त्याला पकडतात आणि विजयाचं गाणं होतं.

संगीत हान्स क्रासा यांचं, संहिता आडोल्फ होफमाइस्टर यांची. दोघांनी ती १९३८मध्ये बाल-ऑपेराच्या एका स्पर्धेसाठी लिहिली, म्हणजे तेरेझीनचा घेट्टो होण्याच्या तीन वर्षं आधी. त्यामुळे ‘छावणीत लिहिलेलं नाटक’ हे वर्णन चूक आहे. शेवटच्या ओळी मात्र तेरेझीनमध्ये बदलल्या. मुळात आईवडील आणि मातृभूमी यांच्यावर प्रेम करणारा तो आमचा मित्र, असा भाव होता. बदललेल्या ओळींत न्यायावर प्रेम करणारा आणि न घाबरणारा तो आमचा मित्र झाला.

६. छावणीत वाद्यं आणि स्वरलिपी आली कुठून?

पहिला प्रयोग प्रागमधल्या ज्यू अनाथाश्रमात, १९४२-४३च्या हिवाळ्यात, गुपचूप झाला. क्रासा तेव्हा तिथे नव्हते, ऑगस्ट १९४२मध्येच त्यांना तेरेझीनला नेलं होतं. अनाथाश्रमाच्या संचालकांचे चिरंजीव रुडॉल्फ फ्रॉइडनफेल्ड यांनी मुलांकडून गाणी बसवून घेतली होती. जुलै १९४३मध्ये त्यांची पाळी आली, तेव्हा पियानोची स्वरलिपी सामानात घालून त्यांनी ती आत नेली.

क्रासा यांनी मग वादकांकडे बघून सगळं नव्याने लिहिलं. तेरेझीनमध्ये उत्तम व्हायोलिनवादक होते, इतर वाद्यांचा तुटवडा होता. म्हणून जेमतेम डझनभर वादकांचा मेळ जमवला: चार व्हायोलिन, चेलो, डबल बास, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट, गिटार, पियानो, तालवाद्यं. त्यातला तो किंचित खरखरीत, रस्त्यावरच्या बँडसारखा नाद आज आपल्याला वेधक वाटतो. तो टंचाईतून आलेला आहे. नेपथ्य प्रागच्या रंगभूमीवरचे नामवंत वास्तुकार फ्रान्तिशेक झेलेंका यांचं: फळ्यांचं कुंपण, त्यावर तिन्ही प्राण्यांची चित्रं, चेहऱ्याच्या जागी भोक. प्राण्यांचं काम करणाऱ्यांनी त्यातून डोकं काढायचं.

तेरेझीनमधला पहिला प्रयोग २३ सप्टेंबर १९४३ला माग्डेबुर्ग बराकीत झाला.

७. मांजराच्या भूमिकेत एलाला काय करायचं होतं? वेष कसा होता?

काम छोटं पण गाण्याचं. अनेक जागी तिघा प्राण्यांना एकमेकांत सूर मिसळून गावं लागतं. चालही मांजराची, दबकी. वेषाला पैसा नव्हता, म्हणून घरातलाच काळा स्वेटर आणि काळी विजार घातली. मिशा झेलेंकांनी बुटाच्या पॉलिशने रंगवल्या. पाय अनवाणी.

८. प्रयोगात पिवळा तारा काढायची परवानगी होती, हे खरं का?

खरं. एलाबाई हे प्रत्येक भाषणात सांगत. रंगमंचावर असेपर्यंत तारा नाही, खाली उतरलं की पुन्हा कपड्यावर. आज नाटक बसवणाऱ्यांसाठी हा तपशील फार महत्त्वाचा आहे. प्रश्न १६ पाहा.

९. ५५ प्रयोग झाले आणि सगळ्यांत एला होती? मग बाकीच्या मुलांचं काय?

५५ हा आकडा ठरावीक प्रयोगांचा. बराकींतून होणारे फुटकळ कार्यक्रम वेगळे. एला त्या सगळ्या प्रयोगांत मांजर होती.

समूहगानातली मुलं मात्र सारखी बदलत होती. डिसेंबर १९४३मध्ये सुमारे ५,०००, मे १९४४मध्ये तीन गाड्यांतून ७,५०३ लोक ऑशविट्झला गेले. दर वेळी गाणाऱ्यांत खिंडार पडे आणि नव्या मुलांना गाणी शिकवावी लागत. प्रयोग एवढे पाहिले गेले होते की बदली मुलांना बहुतेक ओळी आधीच पाठ असत. मुख्य भूमिकांतली मुलं बऱ्यापैकी टिकली, ती १९४४च्या शरदापर्यंत. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर या महिन्यात अकरा गाड्यांतून १८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर ‘ब्रुंडिबार’ करायला माणसंच उरली नाहीत.

१०. नाझींनी हे चालू कसं दिलं? मग हे प्रतिकाराचं नाटक की प्रचाराचं?

दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगाबद्दल खऱ्या आहेत. सुरुवातीला कैद्यांचे सांस्कृतिक कार्यक्रम लपूनछपून होत. पुढे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं की संगीताने लोक शांत राहतात आणि बाहेरच्या जगाला दाखवायलाही ते बरं. संहिता चेक भाषेत असल्यामुळे जर्मन अधिकाऱ्यांना तिच्यातला अर्थ फारसा भिडला नसावा. कैद्यांना मात्र मिशीवाला ब्रुंडिबार कोण, हे सांगावं लागत नव्हतं.

२३ जून १९४४ला रेडक्रॉसचा एक प्रतिनिधी आणि दोन डॅनिश अधिकारी पाहणीला आले. त्याआधी काही महिने गावाचं ‘सुशोभीकरण’ चाललं होतं: घरांच्या दर्शनी भिंती रंगवल्या, हिरवळ लावली, मुलांसाठी खेळघर उभारलं, चौकात बँड बसवला. गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यातले ते साडेसात हजार लोक आधीच पाठवून दिले होते. पाहुण्यांसमोर कमांडंट कार्ल राम खाऊ वाटणार आणि मुलांनी म्हणायचं, ‘राम काका, पुन्हा सार्डिनच?’ असे संवादसुद्धा शिकवलेले होते. त्या दिवशी ‘ब्रुंडिबार’चा प्रयोगही दाखवला. पाहुणे ठरवून दिलेल्या वाटेनेच फिरले आणि अनुकूल अहवाल देऊन गेले.

११. इंटरनेटवर मुलं गातानाची चित्रफीत दिसते. ती खरी आहे का?

चित्रण खरं, दाखवलेलं जग खोटं. १९४४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तेरेझीनमध्ये प्रचारपट घेतला गेला. दिग्दर्शनाचं काम कुर्ट गेरोन या कैदी नट-दिग्दर्शकावर लादलं होतं. त्यात ‘ब्रुंडिबार’चा शेवट आहे. काही आठवड्यांतच गेरोन आणि पडद्यावर दिसणारी बरीच मुलं ऑशविट्झला गेली. चित्रपट पूर्ण झाला १९४५मध्ये, आणि आज त्याचे तुकडेच उरले आहेत. वर्गात दाखवायचा असेल, तर कुणी, कधी आणि कशासाठी घेतला हे आधी सांगा. नंतर सांगितलं तर मुलांच्या मनात हसरे चेहरेच राहतात.

१२. नाटकात होती म्हणून एला वाचली, असं म्हणता येईल का?

म्हणू नये. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यामागची इच्छा समजते, पण भूमिकेने कुणाला वाचवलं नाही. एस.एस. (छावण्या चालवणारं नाझी दल) संख्या आणि प्रकार ठरवून देई, कैद्यांच्या ज्येष्ठ मंडळाला याद्या कराव्या लागत. १९४४च्या शरदात एस.एस.ने स्वतः निवड केली. कामाचा प्रकार, ओळख, आजार, निव्वळ योगायोग, अशा कशानेही नाव लागे किंवा वगळलं जाई. नाटकातली बहुतेक मुलं मारली गेली, ती काही कमी चांगली गात नव्हती. नाटकाने मुलांना काही तास मुलं म्हणून जगू दिलं, असं एलाबाई सांगत. तेवढंच म्हणावं.

१३. ‘१५,००० मुलांपैकी फक्त १०० वाचली’ हे वाक्य सगळीकडे आहे. बरोबर आहे का?

नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. तेरेझीनमधून पूर्वेकडे पाठवलेली मुलं सुमारे साडेसात हजार, त्यांतली दीडशेहून कमी परतली. याशिवाय सुमारे १,६०० मुलं मे १९४५मध्ये तेरेझीनमध्येच जिवंत सापडली. त्यांतली काही युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत आणलेली होती. एला यांच्यात मोडते: ती ऑशविट्झला कधी गेलीच नाही. आकडा फुगवल्याने दुःख मोठं होत नाही, उलट नाकारणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळतं.

१४. युद्धानंतर एलाचं आयुष्य कसं गेलं?

सोव्हिएत सैन्य ८ मे १९४५ला तेरेझीनला पोचलं. टायफसची साथ असल्याने लगेच बाहेर सोडलं नाही. मग प्राग, १९४९मध्ये इस्राएल, तिथे लष्करी सेवा आणि लग्न, आणि १९५८पासून अमेरिका. कुठेही ‘ब्रुंडिबार’ होणार असेल आणि बोलावणं आलं, तर त्या जात. प्रयोग संपताना मुलांबरोबर उभ्या राहून विजयाचं गाणं म्हणत.

१५. टागोरांचं ‘डाकघर’ करणारी ती हीच मुलं का? आणि आपल्याकडचा काही दुवा आहे?

ती मुलं वेगळी. ‘डाकघर’चा प्रयोग १८ जुलै १९४२ला वॉर्सा घेट्टोत, यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमात झाला. तीनेक आठवड्यांतच कोर्चाक आणि मुलं ट्रेब्लिंका इथे मारली गेली. शहर, देश, भाषा सगळंच निराळं.

‘ब्रुंडिबार’चा महाराष्ट्राशी थेट संबंध नाही. मात्र बोहेमियातलेच ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४मध्ये मुंबईला आले आणि बारा वर्षं राहिले. आकाशवाणीची ओळखधून त्यांच्या नावावर आहे. तेरेझीनला गेलेल्या संगीतकारांच्याच पिढीतला, त्याच प्रागमध्ये शिकलेला हा माणूस वेळेवर निघाला म्हणून वाचला. कोकणातल्या बेने इस्राएली ज्यूंचा इतिहास याहून अगदी वेगळा आहे, त्यांच्यावर इथे असा छळ झाला नाही. दोन्हींची तुलना करणारे निबंध येतात, पण मुलांना आधी हा फरक सांगा.

१६. आम्हाला शाळेत ‘ब्रुंडिबार’ बसवायचा आहे. काय लागेल, कुठे अडतं?

लांबी सुमारे ४० मिनिटं, दोन अंक. मुख्य भूमिका दहा: दोन भावंडं, ब्रुंडिबार, तीन प्राणी, शिवाय आइस्क्रीमवाला, पाववाला, दूधवाला आणि पोलीस. मुलांचा समूह कितीही मोठा चालतो. वय ९ ते १४ उत्तम. तेरेझीनमध्ये दोन-अडीच महिने तालीम झाली, तुम्हीही तेवढी धरा.

अडतं ते असं:

अंगाई स्वतंत्र आवाजांत विभागलेली आहे. एकसुरी समूहगानाची सवय असलेली मुलं दुसऱ्या ओळीकडे घसरतात. प्रत्येक आवाज आधी आठवडाभर वेगळा बसवा, मग जोडा.

पेटी किंवा सिंथेसायझर मुलांच्या सुरावर सुर धरून वाजवू नका. त्याने आवाज झाकले जातात. पियानोसारखा स्वर आणि एक व्हायोलिन एवढ्यावर भागतं.

ब्रुंडिबार मोठ्या माणसाला देण्याचा मोह होतो. तेरेझीनमध्ये तो मुलगाच होता. मोठा माणूस आला की मुलांची एकजूट त्याच्यापुढे लुटुपुटुची दिसते.

आणि पात्रांच्या कपड्यांवर पिवळा तारा लावू नका. मूळ प्रयोगात तो काढलेला असे (प्रश्न ८). गोष्टही छावणीतली नाही, एका गावच्या बाजारातली आहे. इतिहास सांगायचा तो प्रयोगाआधी, दहा मिनिटांत, पडद्यापुढे. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून ‘अनुभव’ देण्याचे खेळही टाळा. लहान मुलं घाबरतात आणि मोठी हसतात.

१७. मराठी भाषांतर करून लावलं तर हक्काची अडचण येईल का?

येऊ शकते. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. क्रासा १९४४मध्ये मारले गेले, म्हणून त्यांच्या संगीतावरची मुदत संपली. होफमाइस्टर १९७३मध्ये वारले. संहितेचा हक्क २०३३च्या अखेरीपर्यंत आहे आणि भाषांतराला परवानगी लागते. आज मिळणाऱ्या छापील स्वरलिपी प्रकाशकांकडून भाड्याने घ्याव्या लागतात.

एक अपवाद: शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून विद्यार्थी-शिक्षकांनी केलेला आणि फक्त शाळेतली मंडळी व पालक यांच्यासमोरचा प्रयोग कायद्यात सवलतीस पात्र ठरतो. तिकीट लावलं, बाहेरच्या स्पर्धेत नेला किंवा चित्रफीत यूट्यूबवर टाकली की ही सवलत गृहीत धरू नका. आधी लेखी परवानगी मागा.

१८. कार्यक्रमपत्रिकेत मूळ मुलांची नावं छापायची आहेत. कोणती?

अनिंका: ग्रेटा होफमाइस्टर, वाचली, पुढे इस्राएलमध्ये राहिली. संहितालेखक होफमाइस्टरांशी तिचं नातं नाही, फक्त आडनाव सारखं. पेपिचेक: पिंता म्युलश्टाइन, मारला गेला. चिमणी: मारिया म्युलश्टाइन, मारली गेली. कुत्रा: झ्देनेक ओरेनश्टाइन, वाचला, पुढे झ्देनेक ओर्नेस्ट या नावाने चेक रंगभूमीवर नट झाला. ब्रुंडिबार: होंझा ट्रायखलिंगर, प्रेक्षकांचा सर्वांत लाडका, ऑशविट्झमध्ये मारला गेला. मांजर: एला श्टाइन.

मोठ्यांमध्ये हान्स क्रासा, फ्रान्तिशेक झेलेंका आणि फ्रीडल डिकर-ब्रांडाइस हे तिघेही १९४४च्या ऑक्टोबरातल्या गाड्यांनी ऑशविट्झला गेले आणि परतले नाहीत. रुडॉल्फ फ्रॉइडनफेल्ड वाचले. प्रत्येकाच्या नावापुढे एवढी एक ओळ छापा. पत्रिकेत जागा कमी पडली, तर प्रायोजकांची जाहिरात लहान करा.